नाथसागराच्या काठची गाळपेर

जायकवाडीचे धरण 1976 साली पूर्ण झाले आणि गोदाकाठच्या कितीतरी गावांच्या काळ्या जमिनी नाथसागराच्या पोटात गेल्या. जलाशय उथळ असल्यामुळे पाणी फूटभर उतरले तरी काठाची लांबलचक पट्टी उघडी पडते आणि तिच्यावर ओलीच्या भरवशावर रब्बीचे पीक घेतले जाते, तीच गाळपेर. जलसंपदा विभाग ही जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतो आणि प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य देतो, म्हणजे आपलीच बुडालेली जमीन कसायला अर्ज करावा लागतो.

शेवगाव तालुक्यातले माझे मामा गाळपेर करतात. वरची पट्टी दिवाळीच्या आत मोकळी झाली तर तीत मालदांडी ज्वारी साधते. अलीकडे मात्र परतीचा पाऊस रेंगाळला की धरण तुडुंब राहते आणि पेरणी मार्गशीर्षावर जाते. चार महिन्यांची ज्वारी इतक्या उशिरा पेरली तर दाणा भरताना ऊन तापते, म्हणून मामा वर हरभरा, त्याखाली चाऱ्याचा मका आणि माघात उघड्या पडणाऱ्या कडेला कलिंगड घेतात. कोणत्या पट्टीत काय, हे पाणी कुठवर हटले ते पाहूनच ठरते, त्यामुळे सगळे बियाणे ते आधी विकत घेत नाहीत.

वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पाहण्याची त्यांची रीत जुनीच आहे. मूठभर माती दाबून केलेला गोळा ते कमरेच्या उंचीवरून टाकतात. फुटून विखुरला तर पेरणीची पाभर जुंपायची, चपटा होऊन बसला तर थांबायचे. घाई केली तर या चिकण गाळात बी कुजते आणि फार थांबले तर भेगा पडून ओल उडते.

दुष्काळी साल वेगळीच पंचाईत करते. 2023 च्या पावसाळ्यात धरण निम्मेही भरले नव्हते, म्हणून वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्यायाने वाटून घेण्याच्या, म्हणजे समन्यायी वाटपाच्या नियमानुसार नोव्हेंबरमध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यात आले. मराठवाड्याचा तो हक्कच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण असे पाणी आले की पातळी पुन्हा चढते आणि अगदी कडेला पेरणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पातळी किती चढणार याचा अंदाज गावच्या चावडीवर आठवडाभर आधी लागला, तर निदान बियाणे वाचेल. भाडेपट्ट्याचे अर्जही ठरावीक तारखेऐवजी पातळीप्रमाणे टप्प्याटप्प्याने घ्यावेत, असे मला वाटते. सातबारा सरकारच्या नावे असल्याने पीककर्ज आणि विम्याच्या वेळी होणारी अडचण हा त्याहून मोठा प्रश्न आहे, आणि पट्ट्याचा कागद तिथे पुरावा म्हणून चालायला हवा.