एकदाच का देऊन टाकत नाही?

मेंदूच्या गाठीला रेडिएशन द्यायचं ठरलं की घरातलं कुणी ना कुणी मला गाठून विचारतंच, "मॅडम, ओळखीतल्या एकांचं एका दिवसात आटोपलं. मग आमचेच सहा आठवडे का? सगळं एकदाच देऊन टाकलं तर चालणार नाही का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट बसून लिहिते.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. गाठ कुठवर आहे ते डॉक्टर स्कॅनवर आखून देतात, किती डोस हवा ते सांगतात. तो डोस तिथवर कसा पोचवायचा आणि वाटेत कुणाला किती लागेल, हे गणित माझं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर रोज माझ्या स्क्रीनवर असतं.

डोळ्यांच्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, ती जागा बघा. पिट्युइटरी ग्रंथीच्या जरा वर. क्रेनिओफॅरिंजिओमा नावाची दुर्मिळ गाठ नेमकी इथे वाढते, कधीकधी नसांना अगदी चिकटून. रोज थोडा असा तीस सिटिंगमध्ये वाटून दिला, तर या नसांना ५४ ग्रेपर्यंतचा (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) डोस सहसा सोसतो. तोच एका बैठकीत द्यायचा म्हटलं तर ८ ते १० ग्रेच्या वर जायला कुणी धजत नाही, कारण त्यापुढे नजर जाण्याचा धोका वाढत जातो. नस तीच, किरणही तेच. फरक फक्त मध्ये मिळालेल्या वेळाचा.

त्या वेळात काय होतं? किरणं पेशीतला डीएनए तोडतात, गाठीतल्या पेशींचा आणि वाटेतल्या निरोगी पेशींचाही. निरोगी पेशी पुढच्या काही तासांत बरीचशी मोडतोड दुरुस्त करून घेतात. गाठीच्या पेशींना ते तितकं नीट जमत नाही. दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा घाव घालतो. रोजचा फरक थोडासाच, पण तीस दिवसांत तो साठत जातो. मज्जासंस्थेचं आणखी एक आहे: एकूण डोसइतकीच तिला एका वेळच्या डोसची बाधा होते, आणि ती बाधा कित्येक महिन्यांनी, वर्षांनी वर येते. म्हणून मेंदूत आम्ही एका सिटिंगला बहुधा १.८ ग्रे धरतो. तीस वेळा १.८ म्हणजे ५४. फाइलवरचा तुमचा आकडा बहुतेक वेळा इथून येतो.

हे शहाणपण जुनं आहे. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. नर मेंढ्याला एकाच मोठ्या डोसने निर्बीज करायला गेलं की कातडी भाजून निघे. तेच काही दिवसांत विभागून दिलं की काम होई आणि कातडी वाचे. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी मग घशाच्या कॅन्सरसाठी हीच पद्धत वापरली. आजचं आमचं वेळापत्रक त्याच वाटेने आलेलं आहे.

आता ते ओळखीतले, ज्यांचं एका दिवसात झालं. त्यांना बहुधा रेडिओसर्जरी, म्हणजे नेमक्या जागी एकाच वेळी मोठा डोस, दिली असणार. लार्स लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जननी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली, आणि त्यातूनच पुढे गॅमा नाईफ आलं. आजच्या गॅमा नाईफमध्ये कोबाल्टचे १९२ स्रोत असतात. प्रत्येकाचा किरण अगदी बारीक, एकट्याने फारसं काही न करणारा, पण सगळे एका बिंदूवर मिळतात आणि तिथे डोस एकदम चढतो. कानाच्या नसेवरच्या लहान गाठीला असा १२-१३ ग्रे एकाच वेळी देतात. मात्र त्यासाठी गाठ लहान हवी, साधारण तीन सेंटिमीटरच्या आत, तिची कड स्पष्ट हवी आणि नाजूक शेजारी थोडा लांब हवा. ज्या गाठीच्या पेशी आजूबाजूच्या मेंदूत शिरलेल्या असतात, किंवा जी डोळ्याच्या नसेला टेकलेली असते, तिथे हा मार्ग बंद होतो. तुमच्या गाठीला हलकं मशीन मिळालं आणि त्यांना भारी, असं अजिबात नाही.

नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा मारा करतात, त्याबद्दलही सगळे विचारतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली ऊर्जा टाकून थांबतो, पलीकडे जवळजवळ काही जात नाही, आणि लहान मुलांत याचा उपयोग मोठा. कवटीच्या तळाशी होणाऱ्या कॉर्डोमा नावाच्या गाठीला ७० ग्रेच्या वर डोस लागतो, शेजारी मेंदूचा स्टेम (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ), तिथे प्रोटॉनसाठी धडपड करावीच असं माझं मत. पण प्रोटॉन घेतले म्हणून तिथल्या सिटिंग कमी होत नाहीत. नस जितकी सोसते तितकीच सोसते.

दुसऱ्या टोकाला जर्मिनोमा. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये होणारी ही दुर्मिळ गाठ किरणांपुढे चटकन विरघळते, बहुतेक मुलं बरी होतात. केमो आधी दिली असेल तर मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना २४ ग्रे आणि मूळ जागेला ४०च्या आसपास इतक्यावर अनेक ठिकाणी भागतं. तरीही ते रोज थोडं थोडंच देतात. बऱ्या होणाऱ्या मुलापुढे अख्खं आयुष्य आहे, शाळा आहे, वाढ आहे. गाठ नाजूक असली म्हणून मेंदूला घाईत वागवायचं नाही.

घाई करावी असं मला मनापासून वाटतं ते एका ठिकाणी. मेंदूच्या स्टेममध्ये पसरणारी मुलांची ती गाठ, डीआयपीजी. तिथे रेडिएशनने त्रास कमी होतो, काही महिने मिळतात, पण आजार जात नाही. नेहमीच्या तीस सिटिंगऐवजी ३९ ग्रे तेरा सिटिंगमध्ये देण्याची पद्धत त्यासाठीच आली. जे दिवस थोडे आहेत ते मुलाने टेबलावर का घालवावेत? अशा घरातून "लवकर आटपा" असं कुणी म्हटलं, तर डॉक्टरांशी या पर्यायाबद्दल जरूर बोला.

रोजच्या सिटिंगमध्ये काय होतं तेही सांगते, कारण भीती तिथेच जास्त असते. पहिल्या दिवशी मास्क करतात. गरम पाण्यात मऊ झालेली जाळीदार शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि ती काही मिनिटांत टणक होते. रोज तोच मास्क टेबलाला अडकवतात, म्हणून डोकं दोन-तीन मिलिमीटरदेखील हलत नाही. उठल्यावर कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले दिसतात, थोड्या वेळात जातात. किरण टोचत नाही, भाजत नाही. काही जणांना मात्र मिटल्या डोळ्यांआड निळा प्रकाश दिसतो. एक आजोबा त्या निळ्या उजेडाने फार घाबरले होते, डोळे जळतायत असं त्यांना वाटलं. डोळ्यातल्या द्रवातून फार वेगवान इलेक्ट्रॉन जातात तेव्हा तिथेच तसा उजेड तयार होतो, तो खरा असतो, भास नव्हे, आणि त्या उजेडाने डोळ्याला काही होत नाही. मी त्यांना त्यांच्या प्लॅनवर डोळ्याच्या नसेचा आकडा दाखवला, मर्यादेच्या बराच खाली होता. मग ते रोज येऊन सांगायचे, आज दिसला की नाही ते.

दोनतीन आठवड्यांत जिथून किरण आत-बाहेर जातात तिथले केस गळतात. थकवा शेवटाकडे वाढतो, संपल्यानंतरही महिना-दीड महिना झोप झोप होते. क्रेनिओफॅरिंजिओमात पाण्याची पिशवी असेल तर मध्येच एमआरआय सांगतात, कारण पिशवी फुगली तर प्लॅन बदलावा लागतो. तो स्कॅन टाळू नका. सिटिंगही मनाने चुकवू नका. मशीन बंद पडलं किंवा ताप आला तर आम्ही दिवस भरून काढतो, वेळ पडली तर एका दिवशी दोन, पण मध्ये निदान सहा तास ठेवून.

शेवटच्या दिवशी घरी जाण्याआधी एक कागद मागून घ्या: कुठल्या भागाला एकूण किती ग्रे, किती सिटिंगमध्ये, डोळ्याच्या नसेला आणि स्टेमला जास्तीत जास्त किती लागला. जमलं तर प्लॅनची सीडीसुद्धा. पुढे दहा वर्षांनी पुन्हा किरणांचा विचार करायची वेळ आली तर दुसरा फिजिसिस्ट आधी तेच मागेल. फाइलमध्ये नुसतं "रेडिएशन पूर्ण" एवढं लिहिलेलं असेल, तर त्याला हिशेब लावता येत नाही.