पहिले लिनक्स निवडताना

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हापासून पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांत आणि मित्रमंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो : घरातला धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ स्वीकारत नाही, तर त्यावर विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली म्हणजे लिनक्स, तिचा कोणता प्रकार टाकावा? अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याच्या यादीत तर आर्च हे लिनक्स आणि फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी, युनिक्स घराण्यातली प्रणालीही होती. माझ्या मते नवशिक्याने ‘सर्वांत चांगले कोणते’ हा वाद बाजूला ठेवून, आपल्या यंत्रावर विनातक्रार चालेल आणि वर्षभर मोडणार नाही असे कोणते, एवढेच पाहावे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केले ते केवळ कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणारा प्रणालीचा गाभा, होते. त्याभोवती ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची साधने, डेस्कटॉप आणि पॅकेज व्यवस्थापक (सॉफ्टवेअर बसवणारे व अद्ययावत करणारे साधन) जोडून जे हाती येते, त्याला डिस्ट्रो म्हणतात. त्यामुळे डेबियन, फेडोरा, मिंट यांच्या पोटात कर्नल एकच असते आणि खरा फरक पडतो तो बदलांच्या वेगात. उबुंटू या डिस्ट्रोची एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते व तिला पाच वर्षे अद्यतने मिळतात. मिंटची मुख्य आवृत्ती तिच्यावरच उभी आहे. फेडोराची आवृत्ती साधारण १३ महिन्यांत निवृत्त होते, तर आर्चमध्ये ठरावीक आवृत्तीच नसते, नवे पॅकेज तयार झाले की ते येऊन दाखल होते. शिकायला हे उत्तम, पण उद्या सबमिशन असलेल्या विद्यार्थ्याला आज रात्री असे अद्यतन करायला मी सांगणार नाही.

फ्रीबीएसडीत कर्नल आणि मूळ साधने एकाच प्रकल्पात घडतात, आणि त्याचे हँडबुक वाचनीय आहे. मात्र लॅपटॉपच्या वायफाय चिपांना त्यातला आधार लिनक्सपेक्षा तोकडा असल्याने ते आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे चालू प्रणालीतच दुसरी प्रणाली चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवून पाहावे.

भाच्याला मी मिंट सुचवले. रॅम चार जीबीच्या आसपास असेल तर त्याची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्यावी. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला ८ जीबीचा साधा पेनड्राइव्ह मिंट बसवायला पुरतो. त्यावरून मिंट लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवून वायफाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, हे सारे बसवण्याआधीच तपासता येते. मराठी लिहिणाऱ्यांसाठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) आणि फोनेटिक (उच्चारानुसार रोमन अक्षरांनी लिहिण्याचा) हे दोन्ही कळफलक आयबस या टंकलेखन साधनाच्या एम१७एन पॅकेजातून मिळतात. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे असेल, तर फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून मगच पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या विभागणीला, हात लावावा.