कोपरापर्यंत बाही

मी कुडाळला ब्लाउज शिवते. मे महिन्यात आमच्याकडे घामाने टेप अंगाला चिकटतो, बायका म्हणतात बाही अजून दोन बोटं कमी कर. अशाच एका मे महिन्यात वहिनी माप द्यायला आली आणि म्हणाली, "वन्सं, बाही कोपरापर्यंत ठेवा."

दंडघेर घ्यायला टेप फिरवला तर ती दचकली. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांच्या खुणा, पिवळ्या पडत आलेल्या. मी माप लिहिलं, साडेअकरा, आणि चहा टाकला. चहा पिताना तिला म्हटलं, "दादाचो राग तुका म्हायती आसा. पण मनान वायट नाय तो."

हे वाक्य माझं आहे. म्हणूनच लिहायला बसले.

दादा ट्रॉलरवर तांडेल. हाताखाली सात-आठ खलाशी. एकदा मी बंदरावर बांगडे घ्यायला गेले होते, तेव्हा लिलावाच्या गर्दीत मालकाने त्याला सगळ्यांदेखत झापलं. डिझेल जास्त जाळलं, मासळी कमी आणली. दादा खाली बघून "व्हय मालक, व्हय मालक" करत राहिला. त्या संध्याकाळी आमटी पातळ झाली म्हणून वहिनीने मार खाल्ला. घरात आम्ही म्हटलं, राग अनावर झाला. म्हणजे तो मालकासमोर आवरला, बंदरापासून घरापर्यंत मोटारसायकलवर आवरला आणि नेमका उंबऱ्यात अनावर झाला! शिवाय तोंडावर कधी वळ नाही. सगळं बाहीखाली. कापड कुठपर्यंत झाकतं हे माझ्या धंद्यात मला कळायला हवं होतं. ते दादाला माझ्याआधी कळलं होतं.

मग खापर दारूवर. दारू सोड म्हणून सगळे मागे लागलो आणि त्याने खरंच पंढरपूरला जाऊन माळ घातली. मासे पकडणाऱ्याने मासे खायचे सोडले, वाडीभर कौतुक. मारणं कमी झालं, नाही असं नाही. पण वहिनीचा मोबाइल रोज रात्री तपासायचा, बचत गटाचं पासबुक स्वतःच्या पेटीत ठेवायचं, माहेरी जायची बंदी, हे सगळं शुद्धीत चालू होतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडीसुद्धा हिंसाच धरली आहे.

देवळात गाऱ्हाणंही घातलं. "ह्येच्या डोक्यातलो राग काढ रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," आम्ही सगळे. अख्ख्या गाऱ्हाण्यात वहिनीचं नाव एकदाही आलं नाही.

बाबा आईला मारायचे, ते दादाने बघितलं, हे खरं. मीही बघितलं. आई मात्र अजून म्हणते, बाई उलट बोलली की पुरुषाचा हात उठायचाच. ती एकटी नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवली होती, जेवण नीट केलं नाही हे त्यातलंच एक. निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारणं बरोबर, असं देशातल्या ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले. बायका एक टक्का जास्तच. आमच्या घराचं चित्र काही वेगळं नव्हतं.

मला जाग आली तीही चुकीच्या पद्धतीने. गणपतीत सगळं गोतावळं जमलेलं असताना मी दादाला फैलावर घेतलं. त्याने मान खाली घातली, डोळ्यांत पाणी आणलं. मला वाटलं जिंकले. रात्री पाहुणे पांगल्यावर "माझ्या भैणीक काय सांगलंस?" म्हणत त्याने वहिनीचा गळा धरला. गळा दाबणं ही जिवावर बेतण्याच्या सगळ्यात वाईट खुणांपैकी एक असते, हे मला नंतर कळलं. माझ्या शौर्याची किंमत तिने मोजली. तिला न विचारता त्याला काहीही बोलायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसरी चूक समेटाची बैठक. दोघांना एकाच बाकावर बसवलं आणि वडीलधारे वहिनीला म्हणाले, "सांग, काय त्रास आहे?" शेजारी तो. ती म्हणाली, "काय नाय."

मग मी शहाणपणा सोडला आणि फक्त तिला विचारत राहिले, तुला काय हवं? तीन महिने गेले. तेवढ्यात रेशनकार्ड, आधार, मुलाचा दाखला एकेक करून माझ्या दुकानात अस्तराच्या गठ्ठ्याखाली आले. पोलीस मदतीचा ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे नंबर तिने पाठ केले, मोबाइलमध्ये ठेवायची सोय नव्हती. तिने हो म्हटल्यावर मी २००५ च्या त्याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांना कळवलं. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोणीही कळवू शकतं, नणंदसुद्धा. घर बाबांच्या नावावर, तिचा काय हक्क, असं नातेवाईक बडबडले. पण सासऱ्याच्या नावावरचं असलं तरी सून जिथे नांदली त्या घरात तिला राहण्याचा हक्क मागता येतो, हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलंय. तिला संरक्षणाचा आणि राहण्याचा आदेश मिळाला. दादाने बाहेर राहायचं. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तो दुकानात येऊन रडला. "तू माझी भैण काय तिची?"

"तुझीच. मालकावर कधी हात टाकलंस?"

"मालकार कसो टाकतलंय? कामावरसून काढीत ना."

बोलून गेला आणि मशीनच्या चाकाकडे बघत बसला. मीही काही बोलले नाही. त्या दिवशी तो तासभर बोलला, पण सगळं त्याला काय सोसावं लागतंय तेच. वहिनीला काय केलं, त्याचं एक वाक्य नाही. मुंबईत 'मावा' नावाची संस्था १९९३ पासून पुरुषांशी या गोष्टींवर बोलते. आमच्याकडे दादाला समोर बसवून बोलेल असा पुरुष मला अजून सापडलेला नाही. बंदरावरचे त्याचे मित्र त्याची समजूत काढतात, तीही त्याच्याच बाजूने.

तो सुधारला का, असं मला विचारतात. माहीत नाही. गेल्या रविवारी मी तिथे होते, तेवढं सांगते. दादा पिशवीत बांगडे घेऊन आला आणि चिऱ्याच्या गडग्याशी थांबला. गडगा कमरेएवढाच, लहानपणी तो एका उडीत आत यायचा. मुलाला हाक मारून त्याने पिशवी वरूनच दिली. खळ्यात वहिनी तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं नाही.

आई ओटीवरून ओरडली, "भायर कित्याक उभो? भितुर ये."

"नको," दादा म्हणाला, "ऑर्डर आसा."