वही वाचणारी डॉक्टर

मंगळवार, रात्र

वजन उतरत नाही याचं वाईट वाटतंच. पण त्याहून जास्त लागतं ते हे, की मी खरं सांगते यावर कुणाचा विश्वास बसत नाही. "काही खात नाहीस म्हणतेस, मग वजन काय वाऱ्यावर वाढतं का गं?" असं वन्संनी परवा पंगतीत विचारलं. सगळे हसले. मी गप्प जेवले. उपास केला की "एकादशी, दुप्पट खाशी" ऐकायचं, आणि लग्नात जिलबी नको म्हटलं की "एकाने काय होतंय, घे!" दोन्ही बोलणारी माणसं तीच.

या अविश्वासामुळेच मी वही घातली. जे तोंडात जातं ते सगळं त्यात. हे कालचं पान:

सकाळी ८ – नाचणीची अर्धी भाकरी, मेथी. ११ – ताक. दुपारी १ – ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडी. ५ – बिनसाखरेचा चहा, मूठभर फुटाणे. खूप भूक. रात्री ७.३० – मुगाचं धिरडं, दुधीची भाजी.

भाकरीचं पीठ मी स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर तोलून घेते. फोडणीला तेल बरणीतून ओतत नाही, मोजणीच्या चमच्याने घालते, कारण १५ मिलिलिटरच्या एका चमच्यात जवळजवळ १२० कॅलरी असतात आणि बरणी तिरकी केली की दोन चमचे कधी पडतात ते कळतही नाही. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट निम्म्यावर आणलं. ते मात्र जिवावर आलं, आमच्याकडे कुटाशिवाय पान हलत नाही.

आणि रोज पहाटे तळजाईची टेकडी. सहकारनगरच्या बाजूने वर जाते, तासभर झपझप चालून खाली येते. मला तिथे जायला मनापासून आवडतं. अंधार फिटता फिटता मोर ओरडतात, ओळखीची माणसं हात करतात, दिवसभर डोकं शांत राहतं. माझ्या वजनाच्या बाईच्या तासाभरात साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. किलोभर चरबीत अंदाजे ७७००. म्हणजे नुसत्या चालण्याने महिन्याला किलो उतरायला हवा, खाणं कमी केलेलं वेगळंच. सुरुवातीला उतरलंही, पाच किलो. मग काटा ७६ वर येऊन बसला तो बसलाच.

ह्यांनी माझ्याबरोबरच सुरू केलं. त्याच तव्यावरची भाकरी, तीच टेकडी. त्यांचं पोट दिसेनासं झालं. घरी येणारा प्रत्येक जण त्यांचं कौतुक करून झालं की माझ्याकडे बघतो.

आधीच्या डॉक्टरांनी वही हातातसुद्धा घेतली नव्हती. "तोंडावर ताबा ठेवा, आणखी चाला," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. म्हणून आज हॉर्मोन्सच्या एका डॉक्टरांकडे गेले. ह्यांनाही बरोबर नेलं.

त्यांनी वही मागून घेतली आणि वाचली. चाळली नाही, वाचली. मध्येच "खूप भूक" या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, "हे रोज होतं?" रोजच होतं. त्यांनी मागची पानं काढून पाहिली, प्रत्येक पानावर पाचच्या सुमाराला तेच दोन शब्द. मग म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय तेवढंच खाता, हे धरूनच आपण पुढचं बोलू." माझे डोळे भरून आले.

त्यांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवते, उद्या विसरायला नको. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं हॉर्मोन रक्तात येतं. साठा किती आहे ते त्यावरून मेंदूला कळतं. याचा शोध १९९४ मधला, म्हणजे मी कॉलेजात होते तेव्हाचा. चरबी घटली की लेप्टिनही घटतं आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागायला लागतो: भूक वाढवतो, खर्च आवरता घेतो. बसल्याजागचा खर्च कमी होतो, आणि नकळत आपणही कमी हलतो. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं, २०१६ मध्ये ते छापून आलं. त्यांचं शरीर विश्रांतीत दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही! उतरलेलं वजन बहुतेकांचं बऱ्यापैकी परत आलं होतं. ती माणसं आळशी होती असं कोण म्हणेल?

ह्यांनी विचारलं, मग माझं कसं उतरलं? बायकांपेक्षा पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त असतात, त्यामुळे मुळातला खर्च जास्त. शिवाय माझी पाळी जायचं वय जवळ आलंय. या वयात चरबी पोटाकडे सरकते आणि स्नायू कमी होत जातात. थायरॉइडची गोळी चालू आहे, रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीचा आकडा, ठीक आहे, म्हणजे तिथे बोट दाखवायला जागा नाही. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. रिक्षात म्हणाले, "मला वाटायचं तू मधे काहीतरी खात असशील." मला राग आला नाही. पण हे वाक्य लिहून ठेवावंसं वाटलं.

रात्री वाचत बसले तेव्हा आपल्या पुण्याचंच एक सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजन-उंचीचं गणित अगदी सारखं, आणि आत एवढा फरक. आपल्याकडची बारीक दिसणारी माणसंही मधुमेहात का सापडतात ते यातून कळतं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त धरतात आणि बायकांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर.

माझी कंबर ९४ होती, आता ८९. ८० ला पुष्कळ बाकी आहे. पण काटा थांबला त्यानंतरही टेप सरकत राहिली. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी श्रावणात दोन्ही बाजूंनी टाके आत घेतले तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "उतरलात हो." एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ होतं ते ५.८ वर आलं. आईच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती, ते मी रोज ड्रेसिंग करताना पाहिलंय. त्यामुळे साखरेचा हा आकडा मला वजनाच्या आकड्यापेक्षा फार मोठा आहे. वर्षभर मी जे केलं त्याची पावती तिथे आहे, आणि ती मी कुणालाही दाखवू शकते.

जेवण आणखी तोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. उलट पाचची भूक चार वाजताच भागवायची: एक उकडलेलं अंडं किंवा पनीर, आणि उसळ दोन्ही वेळा. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची, स्नायू टिकले पाहिजेत म्हणून. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दल मीच विचारलं, त्यातलं टिर्झेपटाइड २०२५ च्या मार्चपासून आपल्याकडे मिळतंय. त्या म्हणाल्या, गरज वाटली तर देऊ, त्यात कमीपणा काही नाही, पण आधी तीन महिने हे करून बघा.

डंबेल्स उद्या आणायची, दोन-दोन किलोंची. काट्यावर आता आठवड्यातून एकदाच उभं राहणार, टेप महिन्यातून एकदा. पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी, वही घेऊन या म्हणाल्यात.