मुलाचं नाव ठरवताना: हाक, टोपणनाव आणि जन्मदाखला

नाव ठरवायला बसलं की बहुतेक घरांत आधी अर्थ आणि आद्याक्षर निघतं. आम्ही दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. या नावाची हाक कशी ऐकू येईल आणि शाळेतली मुलं त्याचं काय करतील, हे आधी पाहिलं. नाव आईवडील ठेवतात, पण वापरतात इतर लोक, आणि वापरात ते लहान होतंच. मराठीत ते कसं लहान होतं याची पद्धत बऱ्यापैकी पक्की आहे, त्यामुळे टोपणनावाचा अंदाज आधी बांधता येतो.

सगळ्यात जोरदार प्रकार 'या'चा. नावाचा पहिला स्वर आणि त्यापुढचं व्यंजन इथवरचा तुकडा उचलायचा आणि त्याला 'या' लावायचा: समीरचा सम्या, निखिलचा निख्या, तुषारचा तुष्या, अनिकेतचा अन्या. सुरुवातीच्या जोडाक्षरातला 'र' गळून पडतो, म्हणून प्रकाशचा पक्या, प्रमोदचा पम्या, प्रदीपचा पद्या. अनुस्वार मात्र टिकतो: संतोषचा संत्या, मंगेशचा मंग्या. हे रूप घरात कोणी वापरो न वापरो, चौथी-पाचवीच्या वर्गात ते तयार होणारच असं धरून चालावं. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे आम्ही त्याचं 'या'कारान्त रूप लिहून काढलं. मंदार हे नाव आम्हाला मनापासून आवडलं होतं. मंदार हा स्वर्गातला वृक्ष, गणपतीला वाहतात ती रुईही मंदारच. पण पुढे 'मंद्या' लिहिल्यावर ते यादीत राहू शकलं नाही. दुष्यंत 'दुष्या'मुळे गेलं. गंधार नाव म्हणून सुंदर आहे, 'गंध्या' चालत असेल तर जरूर ठेवावं.

दुसरा प्रकार घरचा, लाडाचा: शेवटी 'ऊ' किंवा 'ई'. अद्वैतचा अदू, ईशानचा इशू, विहानचा विहू, अभिजितचा अभी. इथे पाहायचं ते एवढंच, की हेच रूप घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या मुलाचं नाही ना. अन्वय, अनिकेत, अनिरुद्ध सगळेच अनू होतात, आणि तन्मयचा तनू झाला की तन्वी, तनुजा याही तनूच असतात. एका घरात दोन अनू असले की लवकरच मोठा अनू, छोटा अनू सुरू होतं.

नाव मुळातच लहान ठेवलं म्हणजे ते बदलणार नाही, ही समजूत फारशी टिकत नाही. वेद, ओम, पार्थ, यश या नावांना उलट शेपूट लागतं: वेद्या, ओम्या, पार्थ्या, यशू. ज्यांना टोपणनाव नकोच आहे त्यांनाही मी हेच सांगेन, की ते टाळण्यापेक्षा त्यातलं बरं रूप आधीच निवडा आणि तेच घरात वापरा. घरात ठरलेलं एक रूप रुळलेलं असलं की नातेवाईक आपापलं नवीन काढत नाहीत.

हाकेची चाचणी आम्ही खरोखर मोठ्याने ओरडून घेतली. शेवटच्या अक्षरात दीर्घ स्वर असेल तर हाक लांबवता येते: समीऽऽर, ईशाऽऽन, मल्हाऽऽर. रुद्र, पार्थ, शौर्य अशी जोडाक्षराने संपणारी नावं ताणता येत नाहीत, म्हणून लोक शेवटी 'आ' लावतात आणि दुरून 'रुद्राऽ', 'पार्थाऽ' ऐकू येतं. तेही छानच आहे, फक्त माहीत असावं. मग प्रत्यय लावून पाहावेत: ला, ने, चा. यश किंवा अर्थ अशा, रोजच्या बोलण्यात शब्द म्हणून येणाऱ्या नावांत इथे अडखळायला होतं. मुलगा यश असेल तर 'यशला', आणि परीक्षेतलं असेल तर 'यशाला'; बोलताना हा फरक सांभाळावा लागतो.

तिसरी चाचणी मुलाच्या तोंडची. 'र', 'ळ', 'ष' आणि जोडाक्षरं लहान मुलांना उशिरा जमतात. प, ब, म, त, द, न लवकर. रुद्र नावाचं मूल बराच काळ स्वतःला 'लुद्द' म्हणेल. त्यात वाईट काही नाही, पण धाकट्या-थोरल्या भावंडांच्या अशा उच्चारांतूनच पुष्कळ टोपणनावं जन्मतात आणि चिकटतात.

आता नक्षत्राचं अक्षर, म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल त्यावरून येणारं आद्याक्षर. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकूण १०८ अक्षरं. हे अवकहडा चक्र पंचांगात छापलेलं असतं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. अनुराधाला ना, नी, नू, ने. एक चरण ३ अंश २० कलांचा असतो आणि चंद्र तो साधारण सहा तासांत ओलांडतो. म्हणजे जन्मवेळेत पाच-दहा मिनिटांची गफलत झाली तरी सहसा चरण बदलत नाही. जन्म चरणाच्या सीमेजवळचा असेल तरच गुरुजींकडून पुन्हा तपासून घ्यावं. ह्रस्व-दीर्घाचा भेद या अक्षरांत धरत नाहीत, 'नी' आलं तर 'नि'ही चालतं. काही चरणांची अक्षरं मात्र अडवतात: आर्द्रेचं 'ङ', हस्ताचं 'ण', उत्तराभाद्रपदेचं 'ञ'. त्यांवरून नाव मिळत नाही, तेव्हा त्याच नक्षत्राचं किंवा राशीचं दुसरं अक्षर घेतात.

हे अक्षर व्यवहारातल्या नावाला लावलंच पाहिजे असं नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पटतं, कारण नामकरण विधीतच चार नावं असतात: कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि व्यवहाराचं. तांदळावर सोन्याच्या अंगठीने हीच लिहितात. महिन्यांची नावं ठरलेली आहेत: चैत्राचं वैकुंठ, वैशाखाचं जनार्दन, श्रावणाचं वासुदेव, मार्गशीर्षाचं कृष्ण. आजोबांना हवं असलेलं नाव किंवा राशीचं अक्षर यांना इथे मानाची जागा देता येते, आणि दाखल्यावरचं नाव मोकळं राहतं. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या संस्कारांच्या प्राचीन ग्रंथांत, मुलाच्या नावाला दोन किंवा चार अक्षरं सांगितली आहेत. आम्ही तो निकष सोडला, कारण शेवटचा 'अ' आपण मराठीत उच्चारतच नाही आणि मोजणी कागदापुरती उरते.

आजोबांचंच नाव नातवाला ठेवायचं असेल तर एक गोष्ट होते. घरातल्यांना, विशेषतः आजीला, ते नाव घेऊन पोराला रागावणं जड जातं. म्हणून त्याला बाळ, बाबू, आबा असं दुसरं काही म्हणू लागतात आणि दाखल्यावरचं नाव मागे पडतं. असं टोपणनाव जन्मभर पुरतं. लोकमान्य टिळकांचं नाव केशव होतं, पण बाळ हेच टिकलं. बाबा आमटे मुळात मुरलीधर.

अर्थ पाहताना नावांच्या तयार याद्यांवर विसंबू नये. 'आरव'चा अर्थ पुष्कळ ठिकाणी 'शांत' असा दिलेला असतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. नाव म्हणून ते गोडच आहे, फक्त अर्थ खरा माहीत असावा. आपट्यांच्या संस्कृत कोशात शब्द सापडतो का ते पाहणं हा सरळ उपाय. नुसतं 'अंश' जोडून घडवलेल्या बऱ्याच नावांचा पहिला भाग तिथे मिळत नाही.

रोमन लिपीतलं स्पेलिंग बारशाआधीच कागदावर लिहून ठरवावं. ज्ञानेश, यज्ञेश यांतल्या 'ज्ञ'ला मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, उत्तरेत जी-वाय. 'ऋ'ला आपण आर-यू, तिकडे आर-आय. 'त' दक्षिणेत टी-एच होतो, म्हणून बंगळूर-चेन्नईत राहणाऱ्या मराठी घरांतल्या अद्वैतच्या शेवटी कोणीतरी एच जोडतोच. 'ळ' आणि 'ण' रोमनमध्ये हरवतात. अंकशास्त्रासाठी एक ए किंवा एक एच वाढवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पुढे प्रत्येक कागदावर तो कोणीतरी विसरतो आणि नावं जुळेनाशी होतात.

नोंदणीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत: जन्माची नोंद आणि नावाची नोंद. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि ती जन्म झाला त्या गावच्या कार्यालयात होते. बाळंतपण माहेरी झालं असेल तर दाखला माहेरच्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. नाव घालायलाही तिथेच जावं लागतं, म्हणून माहेरी असतानाच हे काम उरकावं. दवाखाना माहिती पाठवतो तेव्हा नावाची जागा कोरी ठेवता येते. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे प्रसूतिगृहात कोणी विचारलं म्हणून घाईने नाव सांगू नये. कोरी जागा भरणं सोपं असतं, लिहिलेलं नाव बदलणं अवघड.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. ही चारही नावं सलग म्हणून पाहावीत. सहा अक्षरी नाव इथे जड होतं. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात, नावाचा आणि आडनावाचा. मधलं नाव लिहिलं तर ते मुलाच्या नावाला जोडून जातं, आणि परदेशी शाळेत ते सगळं मिळून त्याचं नाव धरतात.

दाखला हातात घेण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने अक्षर न् अक्षर वाचावेत. मात्रा एकची दोन, ह्रस्वाचं दीर्घ, हृषीकेशचं ऋषिकेश अशा चुका मराठीतच जास्त होतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा दुरुस्ती तिथल्या तिथे मागावी.

आमचं नाव शेवटी निनाद ठरलं. नक्षत्र अनुराधा, दुसरा चरण, अक्षरही जुळलं. 'निन्या' ऐकायला बरं वाटतं, घरात निनू. हाक लांब जाते, 'र' नाही, आणि स्पेलिंगला एन-आय-एन-ए-डी सोडून फारसे पर्याय नाहीत. सहाव्या-सातव्या महिन्यापासून मूल आपल्या नावाला मान वळवू लागतं. तेव्हापासून जेवताना आणि अंघोळीच्या वेळी आम्ही पूर्ण नावानेच हाक मारतो, निनू बाकी वेळी. ज्या घरात फक्त सोनू-पिल्लू चालतं, तिथलं मूल बालवाडीत हजेरी घेताना स्वतःच्या नावाला 'ओ' देत नाही आणि बाईंना वाटतं त्याला ऐकू येत नाही.