रोज सकाळी एफ१

खानापुरात माझ्या मित्राचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. उतारे काढणं, कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरचे अर्ज, दाखल्यांच्या प्रिंट, सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर चालतं. त्याचा फोन आला, "नेट चालंना झालंय बघ मर्दा. मोबाइलवर चालालंय, पीसीवर काय उघडंना." राउटर बदलून झाला होता. आता कुणीतरी पीसीला फॉरमॅट मारायला सांगितलं होतं. ते थांबव म्हटलं आणि बेळगावहून दुपारची बस धरली.

त्याच वायफायवर मोबाइल चालतोय म्हणजे लाइन आणि राउटर ठीक. पीसीवरून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग केलं (पोचतंय का बघायला छोटा संदेश पाठवला) तर उत्तर येत होतं, म्हणजे पीसीपर्यंतही नेट पोचत होतं. अडत होता तो ब्राउझर. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख दिसली: १ जानेवारी २०१५. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर तिच्या प्रमाणपत्राची मुदत पीसीच्या घड्याळाशी ताडून बघतो. आजची प्रमाणपत्रं २०१५ साली लागूच झालेली नसतात, म्हणून तो साइट नाकारतो. घड्याळ मागे आहे असं तो लिहूनही दाखवतो, पण लाल खूण दिसली की गिऱ्हाईक समोर उभं असताना वाचत कोण बसणार?

मित्राला विचारलं, सकाळी चालू करताना काळ्या पडद्यावर काही येतं का? "येतंय की. एफ१ दाबा म्हणतंय, दाबतो." तिथंच रोग कळला. मदरबोर्डवरचा, म्हणजे पीसीच्या मुख्य बोर्डवरचा, नाण्याएवढा सेल संपला होता. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तोच जपतो.

मग हे आत्ताच का सुरू झालं? पीसीची वायर लावलेली आणि बटण चालू असेल, तर पीसी बंद असतानाही बोर्डला थोडी वीज मिळते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. सेल मेला तरी कळत नाही. वळवाच्या विजा सुरू झाल्यावर मित्र रात्री मेन स्विच पाडून घरी जायला लागला आणि ती थोडी वीजही तुटली. ते योग्यच आहे, तसंच करत राहा म्हणून सांगितलं.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून सेल मोजला. नवा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो, हा २.१ वर होता. २.७ च्या खाली गेला की बदलावा. सेलचा नंबर सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड. दुकानदार कधीकधी २०२५ हातात ठेवतो. व्होल्टेज तेच, पण जाडी २.५, त्यामुळे तो खाचेत सैल बसतो आणि आठवड्यात तक्रार परत येते.

आधी भिंतीतून वायर काढायची, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घ्यायचा. खाचेची बाजूची पत्ती नखानं ढकलली की सेल वर उसळतो. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटू नये. बोर्डवरची तांब्याची रेघ तुटली तर चाळीस-पन्नास रुपयांचं काम हजारांवर जातं. नवा सेल कडेनं धरून, अधिकची खूण वर ठेवून बसवायचा.

विंडोज लगेच सुरू करू नये. डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख-वेळ भरायची आणि साटा मोड, म्हणजे बोर्ड हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलतो, ते बघायचं. जुन्या बोर्डावर सेटिंग पुसली की तो मोड एएचसीआय या नव्या पद्धतीवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर जातो, मग विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. लोकांना वाटतं, हार्ड डिस्क गेली. इथंही आयडीईच झालेलं होतं आणि विंडोज जुनं असल्यानं त्याच मोडमध्ये टाकलेलं होतं, म्हणून हात लावला नाही. मोड कोणता यापेक्षा विंडोज टाकताना कोणता होता ते महत्त्वाचं.

विंडोज स्वतः वेळ सुधारत नाही का? सुधारतं, पण अशा सुट्या पीसीवर १५ तासांहून जास्त फरक असला तर विंडोजची वेळ-सेवा दुरुस्ती नाकारते. एकदा हातानं तारीख बरोबर केली की पुढचं ती सांभाळते.

साइट उघडल्या, उतारा छापून निघाला. राहिली ती बिलं. त्या दिवसांत बिलिंगमधून निघालेल्या पावत्यांवर २०१५ पडलं होतं. बॅकअप घेऊन, वहीशी ताडून त्या दुरुस्त करायला मित्राला बसवलं. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून तो वर ठेवला. दुकानात त्याची लहान लेक खेळत असते, आणि असा सेल गिळला तर अन्ननलिका भाजते. संपलेला असला तरी.