एवढं रंगवून मग मळवता कशाला?

“एवढं सुबक रंगवलेलं विमान, त्यावर पुन्हा काळं पाणी सोडून मळवता कशाला?” माझ्या प्लॅस्टिकच्या विमान-मॉडेल्सच्या कपाटासमोर उभं राहून हे विचारलं नाही असा पाहुणा विरळा. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

माझं ठरलेलं उत्तर असं: १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे ११.२३ मीटरचे पंख साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास येतात. एवढ्याशा वस्तूवर पत्र्यांच्या सांध्यांची सावली दिसत नाही, म्हणून तिथे गडद वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडायचा. हे मी तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्यात लबाडी आहे. ०.२ मिलिमीटरची रेघ ७२ पट केली की जवळजवळ दीड सेंटीमीटरची फट होते. असल्या फटींचं विमान कोण उडवेल?

आणि पूर्वी मीच मळवण्याच्या विरोधात होतो. ‘चुका झाकायचे धंदे’ म्हणायचो.

मग तो स्पिटफायर. दोन महिने खपलो होतो. एनॅमलचे हिरवे-तपकिरी पट्टे, डिकल (चिकटवायची चिन्हं), सगळं जागच्या जागी. वॉश पुसताना खालचा रंग सुटू नये म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात द्यायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण रात्र झालेली, वार्निश वाळायला आणखी एक दिवस थांबायचं जिवावर आलं. एनॅमलवर थेट एनॅमलचाच वॉश दिला. थोड्या वेळानं थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसायला घेतलं, तर वॉशबरोबर खालचा हिरवाही काडीवर आला. तिथेच थांबायला हवं होतं. डाग सारखा करायला म्हणून मी आणखी पुसलं. प्रायमर दिसला. मग प्लॅस्टिक.

पुढे एकानं तीच जागा पाहून म्हटलं, “पायलटच्या बुटांनी झिजलेला रंग काय हुबेहूब काढलाय!” मी कौतुक मुकाट्यानं खिशात घातलं. पण शेजारीच एक जाणकार उभा होता. “स्पिटफायरचं दार डावीकडे असतं ना? मग उजवा पंख कसा झिजला?”

मेकॅनिक चढत असतील, असं मी ठोकून दिलं. चढत असतीलही! पण मी तेव्हा मेकॅनिकचा विचार केला नव्हता, हे मला माहीत आहे.

परवा तो पंख दुरुस्त करायला घेतला. एअरब्रशमध्ये प्रायमर भरला आणि न मारताच धुऊन ठेवला. विमान कपाटात परत गेलं, उजवी बाजू भिंतीकडे करून.

नवं किट मळवणार का? अजून ठरत नाही. सध्या ग्लॉस वार्निश वाळतंय. आज तिसरा दिवस.